मेटकरी घडवताना: रेंजरचा नवा आर्किटाइप कसा बनवायचा

रेंजर म्हटलं की आपल्याकडे आधी वनखात्याचे साहेब डोळ्यांपुढे येतात. आमच्या टेबलवरच्या एकीने घरी फोनवर 'मी आता रेंजर झालेय' असं सांगितलं, तर पलीकडून 'परीक्षा कधी दिलीस?' असा प्रश्न आला. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं रंगवायच्या खेळातला रेंजर वेगळा. तो रानात वावरलेला, माग काढणारा, बाण नाहीतर जोडतलवार चालवणारा आणि गरजेपुरती जादू येणारा असतो. आपल्या भाषेत त्याला सगळ्यात जवळचा शब्द 'वाटाड्या'. पुढे मी हाच शब्द मनात धरून बोलणार आहे.

हा लेख कोणासाठी? पाचव्या आवृत्तीचे चार-सहा सेशन खेळून झालेत, कॅरेक्टर शीट भरता येतं आणि आता स्वतःचं काहीतरी बनवायची खाज सुटलीय, अशांसाठी. आर्किटाइप म्हणजेच सबक्लास, पात्राच्या क्लासची (पेशाची) पोटशाखा. रेंजर पहिल्या दोन लेव्हल सगळ्यांचा सारखा असतो, तिसऱ्या लेव्हलला त्याला फाटे फुटतात. त्यातला एक फाटा आपल्याला नव्याने पाडायचाय. उदाहरण म्हणून आमच्या टेबलसाठी बनवलेला 'मेटकरी' (गडाच्या वाटेवरचा पहारेकरी) घेतो, त्यातल्या फसलेल्या भागांसकट.

पेन उचलण्याआधी: हा क्लास कुठे अडखळतो

रेंजर पहिल्यांदा छापला गेला १९७५ साली, 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' नावाच्या पत्रिकेत. लिहिणारा जो फिशर. डोळ्यांपुढे टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला भटका योद्धा अॅरागॉर्न होता हे लपत नाही. १९७८च्या प्लेअर्स हँडबुकमध्येही तीच छाप आहे. रेंजरने स्वभावाने भला असलंच पाहिजे, स्वतःला आणि घोड्याला पेलेल त्याहून जास्त मालमत्ता बाळगायची नाही, आणि तीनपेक्षा जास्त रेंजरांनी एकत्र काम करायचं नाही. हे नियम आज विचित्र वाटतात, पण हा माणूस कसा जगतो ते चार ओळींत कळतं. शिवाय त्याला 'जायंट क्लास'च्या शत्रूंवर प्रत्येक लेव्हलमागे एक जास्तीचं डॅमेज मिळायचं. त्या यादीत गॉब्लिन, ऑर्क, कोबोल्ड, ट्रोल सगळेच होते, त्यामुळे तो बोनस जवळजवळ दर सेशनला कामाला यायचा.

पुढे याच कल्पनेची 'फेव्हर्ड एनिमी' झाली आणि तिथे गोची झाली. खेळाडूने शत्रूचा एक प्रकार निवडायचा. तुम्ही अनडेड (मेलेले पण हिंडणारे) निवडलेत आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सहा महिने चाच्यांची मोहीम चालवली, की शीटवरची ती ओळ मेली.

दुसरी चूक मला जास्त शिकवून गेली. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये पहिल्याच लेव्हलला 'नॅचरल एक्सप्लोरर' आहे. निवडलेल्या प्रदेशात तुमच्या पार्टीचा (सोबत्यांच्या टोळीचा) वेग खडतर जमिनीमुळे कमी होत नाही, अन्न दुप्पट मिळतं आणि जादूचा घोळ नसेल तर पार्टी वाट चुकतच नाही. वाचताना वाटतं, वा, रेंजर म्हणजे असाच हवा! टेबलवर काय होतं? डीएम जंगलातल्या वाटेचं वर्णन सुरू करतो, रेंजर म्हणतो 'हा माझा प्रदेश', आणि दोन वाक्यांत आपण पलीकडे. भर म्हणून 'गुडबेरी' हा पहिल्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) आहेच. दहा बोरं, एकेका बोरावर एकेकाचा दिवस निघतो. शिकार संपली, भूक संपली. ज्याने प्रवासात चमकायचं, त्याच्यामुळेच प्रवास खेळातून बाद होतो.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जे ट्रेक सरळ झाले ते कोणी सांगत बसत नाही. चुकीच्या नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) उतरलो, अंधार पडला, खालच्या वाडीतला दिवा दिसला, हे मात्र दहा वर्षांनीही सांगतात. म्हणून माझा एकच आग्रह आहे: तुमच्या आर्किटाइपने अडचण पुसून टाकू नये. अडचणीत हात घालायला रेंजरला जास्त वाटा द्याव्यात, बाकीच्यांपेक्षा त्याला जास्त दिसावं, आणि निर्णय मात्र टेबलवरच व्हावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका मुद्द्याभोवती फिरतात.

पायरी पहिली: एका वाक्यात माणूस उभा करा

नियमांना हात लावायच्या आधी एक वाक्य लिहा. त्यात 'हा रेंजर काय करतो' हे क्रियापदात आलं पाहिजे. 'सावलीचा रेंजर' हे वाक्य नाही, तो पोस्टरवरचा मजकूर झाला. 'अंधारात आधी पोचतो आणि पहिला वार करतो' हे वाक्य झालं. २०१७च्या 'झॅनथार्स गाइड'मधला ग्लूम स्टॉकर म्हणजे नेमका हाच माणूस. इनिशिएटिव्हमध्ये (लढाईत पाळी कोणाची आधी ते ठरवणाऱ्या फाशात) विझडमची भर, पहिल्या टर्नला एक जास्तीचा वार, आणि डार्कव्हिजनच्या (अंधारात दिसण्याच्या शक्तीच्या) भरवशावर बघणाऱ्यांना अंधारात तो दिसतच नाही. त्याची तिसरी लेव्हल सबंध त्या वाक्यातून निघालीय.

आमचं वाक्य एका जुन्या शब्दातून आलं. गडाच्या वाटेवर, पायथ्यापासून माचीपर्यंतच्या मोक्याच्या जागी, पहारेकऱ्यांची चौकी असायची. तिला मेट म्हणतात. त्र्यंबकजवळ ब्रह्मगिरीवर मेटघर किल्ला नावाची वस्ती आजही आहे. मेटावरचा माणूस शत्रूला शोधत हिंडत नाही. शत्रू कुठल्या वाटेने येणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो तिथे आधीच बसलेला असतो. वाक्य ठरलं: 'मेटकरी जागा राखतो, आणि त्या जागेत शिरणाऱ्याला महागात पाडतो.'

हे वाक्य आधीच्या आर्किटाइपांशी ताडून बघा. हंटर सावज निवडतो, बीस्ट मास्टर जनावर बाळगतो, स्वॉर्मकीपर किड्यांचा थवा, ड्रेकवॉर्डन छोटा ड्रॅगन. जमिनीचा तुकडा राखणारा यांत कोणी नाही. जागा मोकळी असेल तरच पुढे जा. नसेल तर जे छापलेलं आहे तेच घ्या आणि फक्त नाव-गाव बदला. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट महिनाभराची मेहनत वाचते.

पायरी दुसरी: चार कप्पे आखा

रेंजरला आर्किटाइपकडून ३, ७, ११ आणि १५ या लेव्हलना काहीतरी मिळतं. २०२४च्या नव्या प्लेअर्स हँडबुकनेही हेच आकडे ठेवलेत. छापील आर्किटाइप शेजारी शेजारी ठेवून वाचलेत की ढोबळ नक्षी दिसते. तिसऱ्याला ओळख ठरते, सातव्याला बचाव किंवा हालचाल मिळते, अकराव्याला मार वाढतो आणि पंधराव्याला पुन्हा बचाव.

अकराव्या लेव्हलचं कारण समजून घ्या, कारण नवखे तिथेच घसरतात. पाचव्या लेव्हलला रेंजरला दुसरा वार मिळतो. अकराव्याला फायटरला तिसरा वार मिळतो, पॅलडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) प्रत्येक जवळच्या वाराला १डी८ची (आठ बाजूंच्या एका फाशाची) भर पडते. २०१४च्या रेंजरच्या मूळ क्लासमध्ये या लेव्हलला असं काहीच नाही. ती वाढ आर्किटाइपने द्यायची असते. हंटरला म्हणूनच तिथे एका झटक्यात अनेकांवर वार करता येतात, ग्लूम स्टॉकरला चुकलेल्या वाराच्या बदल्यात आणखी एक. तुम्ही अकराव्याला 'प्राण्यांशी बोलता येतं' असं काही ठेवलंत, तर तुमचा रेंजर तिथून पुढे मागे पडत जाईल आणि खेळाडूला कारणही कळणार नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळा गूळ तिसऱ्याच लेव्हलला ओतणं. ग्लूम स्टॉकरचं नेमकं हेच झालं. रेंजरच्या तीन ते पाच लेव्हल घ्यायच्या आणि उरलेल्या दुसऱ्या क्लासमध्ये टाकायच्या, ही चाल खेळाडूंच्या तोंडपाठ आहे.

पायरी तिसरी: बोनस अॅक्शनची गर्दी मोजा

ही पायरी मी पहिल्यांदा वगळली होती. प्रत्येक टर्नला एक अॅक्शन (मुख्य कृती), एक बोनस अॅक्शन (छोटी जादा कृती), आणि फेरीत एक रिअॅक्शन (दुसऱ्याने काही केलं की त्यावरची कृती). रेंजरची बोनस अॅक्शन कशाकशात जाते बघा. 'हंटर्स मार्क' (सावजावर खूण करून जास्त डॅमेज देणारा स्पेल) टाकायला बोनस अॅक्शन, सावज मेलं की तो दुसऱ्यावर हलवायला बोनस अॅक्शन, २०१४च्या नियमांत दुसऱ्या हातातल्या शस्त्राच्या वारालाही तीच. त्यात तुमचा आर्किटाइपही 'बोनस अॅक्शन वापरून...' असा सुरू झाला की दादरच्या पुलावरची सहाची वेळ.

अॅक्शन खाणारा आर्किटाइप तर त्याहून वाईट. २०१४च्या बीस्ट मास्टरने जनावराला हल्ल्याचा हुकूम द्यायचा तर स्वतःची अॅक्शन खर्चायची. म्हणजे लांडगा पाळून काय मिळालं, तर स्वतः वार करण्याऐवजी लांडग्याचा वार. लोकांनी खेळ छापणाऱ्या कंपनीला वर्षानुवर्षं बोल लावले. शेवटी २०२०च्या 'ताशाज कॉल्ड्रन'मध्ये तो हुकूम बोनस अॅक्शनवर आणला.

कॉन्सन्ट्रेशनही असंच मोजा. ते लागणारा एका वेळी एकच स्पेल चालू ठेवता येतो. हंटर्स मार्कला कॉन्सन्ट्रेशन लागतं, आणि २०२४च्या आवृत्तीत तर तो स्पेल क्लासच्या गाभ्यातच बसवलाय. तेरा, सतरा आणि वीस या लेव्हलना मिळणारी बक्षिसंही त्याचीच. तुमच्या मुख्य कसबाला कॉन्सन्ट्रेशन मागितलंत तर खेळाडूला दोन्हीतलं एक सोडावं लागेल, आणि तो तुमचं सोडेल.

म्हणून मेट मांडायला आम्ही काहीच खर्च ठेवला नाही. इनिशिएटिव्ह रोल करतानाच ते मांडायचं. नंतर हलवायचं असेल तरच बोनस अॅक्शन. आता दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला खेळाडूपुढे खरा पेच येतो: मार्क हलवू की मेट?

पायरी चौथी: पहिला खर्डा लिहा आणि आकडे मांडा

माझा पहिला खर्डा असा होता: १० फूट त्रिज्येचं मेट, आत शिरलेल्या प्रत्येक शत्रूचा वेग निम्मा, त्यांच्यावर माझ्या प्रत्येक लागलेल्या वाराला १डी८ जास्त, आणि माझ्या सगळ्या साथीदारांना त्यांच्याविरुद्ध अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). लिहिताना छाती फुगली होती. मग वही घेतली.

हिशेब अवघड नाही. पाचव्या लेव्हलचा रेंजर घ्या. डेक्स्टेरिटी १८, हातात लाँगबो, आर्चरी स्टाइल. वाराचा बोनस: प्रोफिशिअन्सीचे ३, डेक्सचे ४, आर्चरीचे २, एकूण ९. समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५ धरला तर वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा जास्त हवेत, म्हणजे ७५ टक्के. एका बाणाचं सरासरी डॅमेज, डी८चे साडेचार अधिक ४, साडेआठ. दोन बाण, ७५ टक्के, म्हणजे फेरीला पावणेतेरा. क्रिटिकल (फाशावर वीस पडल्यावरचं जादा डॅमेज) सोडून दिलेत, तुलनेला फरक पडत नाही.

आता वरची भर बघा. हंटर्स मार्कचा डी६ दोन्ही बाणांना लागतो: सव्वापाच. हंटरच्या 'कोलॉसस स्लेअर'चा डी८ टर्नला एकदाच, आधीच जखमी असलेल्यावर. दोनपैकी एक तरी बाण लागण्याची शक्यता जवळजवळ ९४ टक्के, म्हणून भर साधारण ४.२. तिसऱ्या लेव्हलच्या कसबाची ही बाजारातली किंमत समजा. माझ्या खर्ड्याची भर: दोन बाणांना डी८, पावणेसात. अधिक शत्रूचा वेग निम्मा, अधिक सगळ्या साथीदारांना अॅडव्हांटेज. सोन्याच्या भावाने सुतळी विकतात तसला नाही, सुतळीच्या भावाने सोनं वाटण्याचा प्रकार.

वहीवर कळलं तरी खोड गेली नाही, म्हणून तेच एकदा खेळून पाहिलं. खोलीच्या दारात मेट मांडलं. पाच गॉब्लिन रेशनच्या रांगेत उभे राहावेत तसे एकामागून एक आत आले आणि गेले. वीस मिनिटांत लढाई खलास. रेंजर खूश होता, बाकीचे तिघे मोबाइल बघत होते.

दुसरा खर्डा, जो आजही चालू आहे:

*मेट. इनिशिएटिव्ह रोल करताना, तुम्हाला दिसणारा आणि ६० फुटांच्या आतला जमिनीवरचा एक बिंदू निवडा. त्याभोवतीचं १० फूट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे तुमचं मेट. ते एक मिनिट टिकतं. तुम्ही इनकपॅसिटेटेड झालात तर आधीच संपतं. तुमच्या टर्नमध्ये बोनस अॅक्शन वापरून ते ६० फुटांच्या आतल्या दुसऱ्या बिंदूवर हलवता येतं. प्रत्येक टर्नमध्ये एकदा, मेटात असलेल्या प्राण्याला तुमच्या शस्त्राचा वार लागला तर एक निवडा: त्याला १डी६ जास्त डॅमेज होतं, किंवा त्याने तुमच्या स्पेल सेव्ह डीसीविरुद्ध स्ट्रेंथ सेव्ह करायचा, चुकला तर तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत त्याचा वेग शून्य होतो.*

(इनकपॅसिटेटेड म्हणजे काहीच करता न येणारा, सेव्ह म्हणजे परिणाम टाळायला टाकायचा फासा, आणि डीसी म्हणजे त्यावर गाठायचा आकडा.) भर ३.३ वर आली. कोलॉसस स्लेअरपेक्षा कमी, पण सोबत थोपवण्याचा पर्याय आहे. 'मारू की थोपवू' हा प्रश्न दर टर्नला येतो, आणि तोच या माणसाचा स्वभाव. निवड देण्याची ही युक्ती स्वॉर्मकीपरकडून उचललीय. त्याचा थवाही दर टर्नला डॅमेज, शत्रूला ढकलणं किंवा स्वतः सरकणं यांतलं एक करतो.

एक बारीक गोष्ट, जी पुढे अकराव्या लेव्हलला महत्त्वाची ठरते. 'प्रत्येक टर्नमध्ये एकदा' आणि 'तुमच्या प्रत्येक टर्नमध्ये एकदा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात, दुसऱ्याच्या टर्नला तुम्ही रिअॅक्शनने वार केलात तर भर पुन्हा मिळते. दुसऱ्यात नाही. कुठलं हवंय ते ठरवून लिहा, अंदाजाने लिहू नका.

पायरी पाचवी: लढाईबाहेरचं कसब, आणि इथे घाई करू नका

बहुतेक घरगुती आर्किटाइप इथे ढेपाळतात. लढाईचं सगळं लिहून झालं की शेवटी 'सर्व्हायव्हल चेकला अॅडव्हांटेज' अशी एक ओळ टाकून मोकळे होतात. अॅडव्हांटेज वाईट नाही, पण त्याने टेबलवर नवं काही घडत नाही. आधी जो चेक करायचात तोच करता, फक्त दोन फासे टाकून.

वाटाड्या खरोखर काय करतो ते आठवा. डोंगरात गावातला माणूस सोबत घेतलात तर तो वाटेवरचे धोंडे उचलून बाजूला करत नाही. तो म्हणतो, 'या धारेने गेलात तर पाणी नाही. त्या नाळेत पाणी आहे पण घसारा फार. पावसाळ्यानंतर निसणीचा लाकूडफाटा कोणी बदललेला नाही.' ठरवायचं तुम्ही. चढायचंही तुम्हीच. त्याने तुमचा प्रश्न सोडवला नाही, तो जास्त नेमका करून दिला.

मेटकऱ्याचं कसब आम्ही जसंच्या तसं यावरून घेतलं:

*वाटांची जाण. एखाद्या ठिकाणी दहा मिनिटं फिरून पाहिलंत की डीएमला यांपैकी एक प्रश्न विचारा: इथे येण्याजाण्याच्या वाटा किती? सगळ्यात अलीकडे कुठली वाट वापरली गेली? यांतली कुठली वाट दगा देईल? डीएम खरं उत्तर देतो. त्याच ठिकाणी पुन्हा विचारायला लाँग रेस्ट व्हावी लागते.*

(लाँग रेस्ट म्हणजे रात्रभराची विश्रांती.) फासा नाही, डीसी नाही, अपयश नाही. एकच प्रश्न मिळतो, म्हणून कुठला विचारायचा यावर पार्टीत वाद होतो, आणि तोच वाद मला हवा होता. 'दगा देईल' हे शब्द मुद्दाम मोघम ठेवलेत. सापळा, कुजलेला पूल, फितूर पहारेकरी, त्यात काहीही बसतं. एका सेशनला या प्रश्नाचं उत्तर मी 'तिन्ही' असं दिलं आणि पुढचा तासभर मला काही करावंच लागलं नाही.

स्वतःचं असं कसब तपासायला एक चाळणी वापरा. ते वापरल्यावर टेबलवरचं बोलणं वाढतं की थांबतं? थांबत असेल तर खोडा.

पायरी सहावी: जादा स्पेल

'झॅनथार्स'पासून रेंजरच्या बहुतेक नव्या आर्किटाइपांना ३, ५, ९, १३ आणि १७ या लेव्हलना एकेक जादा स्पेल मिळतो. तुम्हीही द्या. २०१४च्या रेंजरला स्पेल मोजकेच येतात, वीस लेव्हल होईपर्यंत अकरा. हे पाच शक्यतो रेंजरच्या यादीबाहेरचे निवडा, नाहीतर देऊन न दिल्यासारखं होतं. ग्लूम स्टॉकरचे पाचही बाहेरचेच आहेत.

मेटकऱ्याचे: ग्रीस, स्पायडर क्लाइंब, स्लीट स्टॉर्म, स्टोन शेप, वॉल ऑफ स्टोन. नियमांना हात लावायचा नाही, फक्त वर्णन बदलायचं. ग्रीस म्हणजे पायाखालून सरकणारा घसारा. स्लीट स्टॉर्म म्हणजे घाटमाथ्यावर अचानक उतरलेलं धुकं आणि आडवा पाऊस. स्टोन शेपने कातळात पावठ्या खोदायच्या. हा भाग सगळ्यात मजेचा, एका संध्याकाळी उरकतो.

पायरी सातवी: वरच्या लेव्हल

सातव्याला मेटकऱ्याला चालण्याइतकाच चढण्याचा वेग मिळतो. शिवाय मेटात उभे असलेले तो आणि त्याचे साथीदार यांना ढकललं जाणं किंवा पाडलं जाणं याविरुद्धच्या सेव्हला अॅडव्हांटेज. साधं आहे, साधंच असू द्या.

अकराव्याला: शत्रू मेटात शिरला किंवा मेटातून बाहेर पडू लागला, की रिअॅक्शन वापरून त्याच्यावर शस्त्राचा एक वार. वर सांगितलेला 'प्रत्येक टर्न' इथे उपयोगी येतो, कारण शत्रूच्या टर्नला केलेल्या या वारालाही मेटाची भर लागते. डेक्स २०, एसी १७ धरून हिशेब केला तर पुन्हा ७५ टक्केच येतात. वाराचे सात आणि डी६चे अडीच, म्हणजे फेरीला साडेनऊच्या आसपास. पॅलडिनच्या वाढीच्या तोडीचं, पण शत्रू हलला तरच. शत्रूला हे कळलं की तो हलेनासा होतो, आणि शत्रूने जागच्या जागी बसावं हेच मेटकऱ्याला हवं असतं.

पायरी आठवी: भाषा

आपण मराठीत खेळतो, पण टेबलवरची पुस्तकं इंग्रजी आहेत. माझा सल्ला: कसबांची नावं खुशाल मराठी ठेवा, नियमांचे शब्द मात्र छापील तेच. सेव्हिंग थ्रोचं 'बचावफेक' आणि बोनस अॅक्शनचं 'अधिकृती' करून मी एकदा पानभर मजकूर लिहिला होता. प्रत्येक ओळीला कोणीतरी 'म्हणजे काय?' विचारत होतं. मध्येच थांबवावं लागलं.

वाक्यं छोटी ठेवा. कधी, कोणावर, किती अंतरापर्यंत, किती वेळ आणि कधी संपतं, ही पाच उत्तरं प्रत्येक कसबात सापडली पाहिजेत. वर्णनाचा फुलोरा वेगळ्या परिच्छेदात, नियमात मिसळू नका. 'शत्रू गोंधळतो' असं लिहिलंत की कोणीतरी विचारणारच की हे कन्फ्यूजन स्पेलसारखं का.

पायरी नववी: दुसऱ्याच्या हातात द्या

स्वतः खेळून तपासू नका. तुम्हाला काय अभिप्रेत होतं ते तुम्हाला माहीत आहे, कागदावर काय आहे ते दुसऱ्यालाच दिसतं. खेळाडूला कागद द्या आणि गप्प बसा. त्याने चुकीचा अर्थ लावला तरी पहिली लढाई तसाच खेळू द्या. चूक वाक्यात असते, वाचणाऱ्यात नसते.

तिसऱ्या, पाचव्या आणि अकराव्या लेव्हलला प्रत्येकी एक सेशन करा. लढाया वेगवेगळ्या ठेवा: एक चिंचोळ्या जागेत, एक उघड्या माळावर, एक एकाच बलाढ्य शत्रूशी. मेटकरी दारात वाघ होता. उडणाऱ्या शत्रूपुढे त्याची मांजर झाली, कारण मेट जमिनीवर आहे. त्यावर मी उपाय केला नाही. प्रत्येक आर्किटाइपचा एखादा वाईट दिवस असावा, फक्त तो रोज नसावा. सोबत एक लढाई नसलेला प्रवासही खेळा, नाहीतर पाचव्या पायरीची परीक्षाच होत नाही.

सेशननंतर 'आवडलं का?' असं विचारू नका, मित्र हो म्हणतात. 'कुठल्या टर्नला काय करावं कळेना?' आणि 'शीटवरची कुठली ओळ वापरलीच नाहीत?' असं विचारा. आमच्याकडे पहिल्या वेळी उत्तर आलं, 'मेट कुठे आहे तेच विसरायला होतं.' नियम बदलायची गरजच नव्हती. जाड तारेचं चार इंच व्यासाचं कडं वळवलं, एका इंचाला पाच फूट या मापाने ते नकाशावर बरोबर बसतं. त्या दिवसापासून कोणी विसरलेलं नाही.

बाहेर द्यायचं असेल तर

फक्त स्वतःच्या टेबलपुरतं असेल तर हा भाग सोडा. इतरांना द्यायचं असेल, तर एवढं लक्षात ठेवा की जानेवारी २०२३मध्ये पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा एसआरडी ५.१ हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला झाला. त्यात सांगितलेली श्रेयाची ओळ टाकलीत की त्यातला मजकूर वापरता येतो. रेंजरचा त्यातला आर्किटाइप एकच, हंटर. ग्लूम स्टॉकर, स्वॉर्मकीपर त्यात नाहीत, म्हणून त्यांची वाक्यं उचलू नका. मेटकऱ्याचे पाचही जादा स्पेल मात्र त्यात आहेत, ते मी आधीच बघून घेतलं होतं.

पंधराव्या लेव्हलचं कसब अजून कच्चं आहे. मेटाची त्रिज्या २० फूट करावी, की मेटातून होणाऱ्या हल्ल्यावर रिअॅक्शनने डिसअॅडव्हांटेज द्यावा, हे ठरत नाही. आमची पार्टी सध्या सहाव्या लेव्हलवर आहे आणि दोन रविवारांतून एकदा जमते, त्यामुळे घाई नाही.